धोंडबाची फरशी

४ फेब्रुवारी १९७३, रविवार

ही वही नोंदीसाठी केली आहे. टपालाच्या छाननीत अठरा वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. नोंद नसली तर थैली कुठे गेली हे कोणी सांगू शकत नाही, आणि दोष ज्याचा आवाज लहान त्याच्यावर येतो. उद्या मोहल्ल्यातली चार माणसं बसली आणि म्हणाली, केशव, तुम्हा भावांत चूक कोणाची, तर माझ्याजवळ तारीखवार लिहिलेलं असावं.

चिंचबोडी हा आमच्या मोहल्ल्याचा तलाव. प्रताप नगरच्या पलीकडे, पाऊण तासाची चाल. रविवारी दहा-बारा घरं गळ, तवा, तेलाची बाटली, पोरंबाळं घेऊन तिथे जातात. मासे तिथेच धरायचे, तिथेच तळायचे, भाकरी घरून न्यायची. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची जागा म्हणजे पूर्वेच्या काठावरची काळी फरशी. माझे वडील धोंडबा यांनी ती एका बुजवलेल्या विहिरीच्या काठावरून चार माणसांच्या खांद्यावर आणली. फरशीसमोर डोह आहे. होळीनंतर बाकीचं पाणी गुडघाभर उरतं आणि मोठा मासा त्या डोहात येऊन राहतो. म्हणून त्या जागेला किंमत.

वडील गेले तेव्हा मी बदलीवर गोंदियाला होतो. चार वर्षं होतो. परत आलो, पहिल्याच रविवारी बोडीवर गेलो, तर फरशीवर माझा धाकटा भाऊ वामन बायकोपोरांसकट बसलेला. मी म्हटलं, "थोरला मी आहे. ऊठ."

तो म्हणाला, "बाबाले उभं राहता येत नव्हतं, तेव्हा त्यायच्या कमरेले धरून इथं कोन बसत होतं गा? तुह्या गोंदियाची गाडी?"

माझा हात उठला. एकदाच. त्याची पोरं पाहत होती हे खरं. पण थोरल्या भावाचा हात होता, परक्याचा नव्हता.

त्याला चौदा महिने झाले. वामन तेव्हापासून पश्चिमेच्या काठावर, चिखलात, बाभळीखाली बसतो. आई त्याच्याकडेच राहते, ती त्याच्याबरोबर गेली. दिवसभर आमच्याकडे तोंड करून बसते. नजर ठेवायला बसवली आहे.

आमच्यात रिवाज आहे. जागेवर मोठा मासा लागला, की त्याची मुंडी घरातल्या सगळ्यात वडील माणसाची, आणि ती त्यानं त्या जागेवर बसूनच खायची. म्हणजे फरशीवर तीन-चार किलोचा एक रोहू लागू दे, आईला इकडे यावंच लागेल. सगळ्या मोहल्ल्यासमोर. वामन तिला धरून ठेवू शकणार नाही.

चौदा महिन्यांत मोठा मासा लागलेला नाही. आजही नाही. बापूजी, मिलमधून रिटायर झालेला म्हातारा, काठावरून फिरत फिरत आला आणि म्हणाला, "केशवराव, फरशी तर तुमची. फरशीवरची मालकीन कुठं गेली गा?"

मी गळाकडे पाहत राहिलो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ड्यूटीवरून परस्पर बोडीवर. रविवारच्या आधी चार दिवस संध्याकाळी आपल्या जागेवर थोडा थोडा चारा टाकायचा असतो. मासा रुळतो. ज्यानं चारा टाकला त्याची जागा, तिथे दुसऱ्यानं हात घालायचा नाही, हा बोडीचा कायदा. माझा चारा कणीक आणि जवसाची ढेप, म्हणजे पेंड. मूठभर, जास्त नाही. वडील म्हणायचे, मासा उपाशी नको आणि पोटभर नको, आशेवर ठेवायचा. पोट भरलेला मासा गळाकडे पाहत नाही.

आज काठाच्या उथळ पाण्यात एक गोळा दिसला, अर्धा विरघळलेला. माझा नव्हता. उचलून वास घेतला. मोहफुलं. भाजलेला कोंडा आणि मोहफुलं.

कोणीतरी माझ्या जागेवर चारा टाकतो आहे. रविवारपर्यंत मासे फुगवून ठेवायचे आणि केशवला रिकामा बसवायचा. मोहफुलांचा चारा मोहल्ल्यात फक्त आईला येतो. तिच्याकडून वामननं शिकून घेतला असणार. डोकं चालवलं म्हणायचं.

११ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. सकाळपासून पाचपर्यंत एक टेंगरा, बोटाएवढा. प्रेमिलाने, म्हणजे माझ्या मुलीने, पलीकडच्या चुलतभावंडांना हात हलवला. तिला सांगितलं, हात रिकामा असेल तर तवा घास. ती चौदा वर्षांची आहे, तिला कळायला हवं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची पाळी नव्हती म्हणून उजाडल्यावर बोडीवर गेलो. फरशी झाडलेली होती. पाला नाही, पक्ष्यांची घाण नाही, वर पाणी मारलेलं. डाव्या बाजूने चिखलात पावलं उतरत होती. अनवाणी, लहान. वामनचा पाय नऊ नंबरचा आहे, म्हणजे बायकोला पाठवतो. माझी फरशी झाडून घेतात, जणू उद्या येऊन बसणारच आहेत. हा माज कोणाच्या भरवशावर आहे?

घरी येऊन अंजनाला सांगितलं. अंजना माझी बायको. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोनी झाडून ठेवलं तर तुमचं काय गेलं? मले झाडा लागते नाही तर."

तिला यातलं राजकारण कळत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

त्यांच्याच औषधाने उपचार केला. पाच किलो ढेप भिजवून टोपलीभर गोळे केले आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर, वामनच्या जागेसमोर टाकून आलो. सगळे. उद्या बघू कोण कोणाला रिकामा बसवतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

वामनला दोन रोहू, एक कतला आणि एक मरळ. तिथे वर्षभर कोणी चारा टाकला नव्हता, त्यामुळे अख्ख्या बोडीतले मासे तिकडे गेले असावेत. त्याची पोरं नाचत होती. बापूजी मुद्दाम माझ्याकडे आला. "आज वामनकडं वरात आली माशायची. तुमच्याकडचे बी वऱ्हाडी तिकडंच गेले वाटते, केशवराव."

ही नोंद करायची की नाही याचा विचार केला. केली आहे.

१८ मार्च, रविवार

होळी. बापूजीच्या मनात आलं की आज मिटवायचं. त्याने आम्हा दोघांना चिंचेखाली बोलावलं, मध्ये आपण बसला. वामन आला, माझ्याकडे न पाहता बसला. तो मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवतो आणि मिलच्या नाटकात कामं करतो, त्यामुळे कसं बसायचं ते त्याला येतं. आई थोडी मागे, पदर डोळ्यांवर ओढून.

मी बापूजीला म्हटलं, "त्याले सांगा, माय थोरल्या घरची आहे. रविवारी तिनं फरशीवर बसावं."

वामन बापूजीला म्हणाला, "त्याले सांगा, माही माय म्हंजे टपालाची थैली नाही. लेबल लावलं अन् इकडून तिकडं फेकली."

"त्याले सांगा, तोंड सांभाळ."

"त्याले सांगा, सांभाळतोच. एक डाव फुटलेलं आहे."

बापूजी म्हणाला, "अबे, मी काय टेलिफोन हाव का?"

चार लोक हसले. मी हसलो नाही. म्हटलं, "त्याले एक इचारा. माह्या जागेवर मोहफुलाचा चारा कायले टाकते?"

वामनने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कोनता चारा?"

इतकं सफाईने विचारलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. नाटकवाला माणूस.

"मोहफुलाचा. कोंड्यातला. हप्त्यातून दोन-दोनदा."

"बुवा, मले माह्या काठावर टाकाले येळ नाही, तुह्या काठावर कोन मरते येऊन?"

तेवढ्यात आई उठली. "ऊन लागून राहिलं मले," म्हणाली. "चला गा घरी. साखरेची गोई घ्याची राहिली." तिला दोन वर्षांपासून साखर आहे. वामन लगेच उठून तिच्यामागे गेला. बोलणं तिथेच मोडलं. नेमक्या वेळेला मोडलं, याची नोंद असावी.

३० मार्च, शुक्रवार

आज बंदोबस्त केला.

बाभळीच्या फांद्या, काटे बोटाएवढे. सहा जुड्या बांधल्या, प्रत्येकीत एक दगड. बांधायला ऑफिसची सुतळी वापरली, तिचा पाण्यात पीळ सुटत नाही. गाठ आमची नेहमीची. दोन वेढे, एक फास, वर उलटी गाठ. वडील मेलच्या डब्यात पॅकर होते, थैल्यांची तोंडं ते अशी बांधायचे. खाट, पाळणा, भाताचं पोतं, सगळं त्याच गाठीने. आम्हा दोघांना त्यांनी चुलीपुढे बसवून शिकवली होती, आणि आई बघून बघून शिकली. ही गाठ सोडायची नसते, कापायची असते. ते म्हणायचे, जी सुटते ती गाठ कसली.

जुड्या फरशीच्या डाव्या बाजूला, ती पावलं उतरतात तिथे, गुडघाभर पाण्यात ओळीने बसवल्या. वरून दिसत नाहीत. मी उजवीकडून उतरतो, मला अडचण नाही.

कोणाला मोठी इजा व्हावी असा हेतू नाही. एकदा काटा रुतला की माणूस परत त्या वाटेला जात नाही. बस एवढंच.

१ एप्रिल, रविवार

वामनचं घर आज आलंच नाही. आईही नाही. काठ मोकळा, मन मोकळं. मोहफुलांचा वास नव्हता. दुपारनंतर एक रोहू लागला, अर्ध्या किलोचा असेल. महिन्याभरातला पहिला. मुंडी द्यावी एवढा नव्हता, पण बंदोबस्ताचा गुण दिसायला लागला आहे.

५ एप्रिल, गुरुवार

प्रेमिला शाळेतून उशिरा आली. विचारलं तर रडायला लागली. ती मधूनमधून वामनच्या घरी जाते हे मला आज कळलं. अंजनाला आधीपासून माहीत होतं.

"आजीचा पाय सुजला बाबा. एवढा. काया पडला अंगठा."

"काहून?"

"काटा गेला. शनिवारी सकायी. तिनं कोनाले सांगितलंच नाही तीन दिवस, फडकं बांधून फिरत होती. आता काकानं मोठ्या दवाखान्यात नेलं."

"कुठं गेला काटा?"

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या फरशीपाशी. पान्यात."

मी म्हटलं, ती तिथे कशाला गेली? पहाटे? तिचं तिथे काय काम? म्हणजे वामन स्वतः येत नाही, बायकोही नाही, साखर असलेल्या म्हाताऱ्या आईला पुढे करतो. पाण्यात उतरवतो. हे मी मोठ्याने बोललो.

प्रेमिला आत गेली. अंजना दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी सायकलले बाभईच्या फांद्या बांधून आनल्या होत्या तुम्ही. कायले होत्या?"

"कुंपनाले."

"आपल्याले कुंपन कुठं आहे?"

जेवण झालं नाही.

६ एप्रिल, शुक्रवार

जुड्या काढायला बोडीवर गेलो. बापूजी फरशीच्या शेजारी बसून विडी ओढत होता. म्हणाला, "या केशवराव. कोन्या हरामखोरानं काटे टाकले तुमच्या फरशीपाशी. मी पहारा देऊन राहिलो, पाहतो तरी कोन येते ते." मी थोडा वेळ त्याच्याजवळ बसलो आणि परत आलो.

८ एप्रिल, रविवार

सकाळी दार वाजलं. वामन. चौदा महिन्यांत, आता सोळा झाले, पहिल्यांदा माझ्या दारात. आत आला नाही. चपलाही काढल्या नाहीत. दादा म्हणाला नाही.

"मायचा अंगठा काढाचा म्हनतात डॉक्टर. उद्या."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

"बाभईच्या जुड्या हायेत पान्यात. बापूजीनं काठीनं चाचपून पाह्यल्या. आपोआप आल्या नाहीत, बांधून टाकल्या. तुह्या फरशीपाशी. म्हंजे तुह्यासाठी टाकल्या कोनंतरी, अन् माय सापडली. तुह्यावर कोनाचा दात आहे?"

"तुह्याशिवाय?"

तो हसला. चांगलं हसू नव्हतं. "मी टाकले असते तर तुह्या खाटेवर टाकले असते. पान्यात नाही."

मी विचारलं, "माय तिथं कायले गेली होती?"

"सांगत नाही. फिराले गेली होती म्हनते. पाऊन तास फिराले! पहाटे उठते, दार लोटते, निंगते. मले वाटे विहारात जाते." त्याने माझ्या घराच्या भिंतीवर हात टेकला आणि लगेच काढून घेतला, जसा तवा लागला. "ऐक. ज्यानं टाकले त्याचा मी हात मोडतो. तुह्यासाठी नाही. तू मेला असता तर खांदा देऊन घरी गेलो असतो. मायसाठी. कोन आठवला तर सांगजो."

गेला. अंजना चुलीपाशी पाठ करून बसली होती. दिवसभर तशीच होती. बोडीवर गेलो नाही.

११ एप्रिल, बुधवार

दवाखान्यात गेलो. वामनची पाळी असते ती वेळ बघून गेलो. आईचा डावा पाय पांढऱ्या पट्ट्यात, खाटेच्या गजाला उशी लावून उंच ठेवलेला. ती लहान दिसत होती. मी स्टुलावर बसलो. सांगायचं म्हणून गेलो होतो. ती जागी झाली आणि आधी बोलली.

"मासा लागला का गा?"

"लागला. लहान."

"कधी?"

"एक तारखेले."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग डोळे मिटून घेतले. "म्हंजे त्याच्या आधी पोट भरलेलं होतं त्यायचं," ती म्हणाली. "तू बी टाकत होता का चारा?"

"हो."

"मले वाटलं, नोकरीवाल्याले कुठं फुरसत भेटते."

ती गुंगीत असावी. नर्सने उठवलं. वेळ संपली होती. जे सांगायला गेलो होतो ते राहिलं.

१५ एप्रिल, रविवार

काल जयंतीची मिरवणूक होती, आज बोडीवर सगळे उशिरा आले. मी पोचलो तेव्हा फरशीपाशी माणसं जमली होती. वामन गुडघ्यांपर्यंत पाण्यात होता, उघडा. एकेक जुडी हाताने काढून काठावर फेकत होता. हातातून रक्त येत होतं. लोक म्हणत होते, अबे फावडं घे, काठी घे. तो ऐकत नव्हता.

मी उजवीकडून उतरलो. म्हटलं, "सर. मी काढतो."

"तू बस फरशीवर," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुही जागा आहे ते."

पाच निघाल्या. सहावी त्याने वर काढली आणि फेकली नाही. तशीच हातात धरली. सुतळी बघत होता. अंगठ्याने गाठीवरचा चिखल पुसला. दोन वेढे, एक फास. वर उलटी.

बोडीवर एवढी माणसं होती, पण त्या गाठीकडे बघून काही कळेल अशी तिथे दोनच.

तो काठावर आला. चाकू मागितला, बापूजीने दिला. एकेक जुडीची गाठ कापून सुतळ्या वेगळ्या केल्या, पाण्यात खळबळून पिळल्या. बापूजी विचारत होता, "काही पता लागते का गा वामन? कोनाचं काम आहे?"

"नाही लागत," वामन म्हणाला. "कोनतं तरी जनावर आहे."

मग माझ्यासमोर उभा राहिला. पाच सुतळ्या माझ्या मांडीवर टाकल्या.

"हे घे. सरकारी माल आहे. ऑफिसात जमा करजो."

इतक्या हळू बोलला की बापूजीलाही ऐकू गेलं नाही. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. म्हटलं, मोड. मोडतो म्हणाला होता ना.

"तुह्या हाताले हात लावाची बी घिन येऊन राहिली मले," तो म्हणाला. सहावी सुतळी त्याने खिशात घातली आणि काठाकाठाने आपल्या बाभळीकडे गेला.

सहावी कशाला ठेवली कळत नाही. पुरावा म्हणून असेल. मीही तेच केलं असतं.

२२ एप्रिल, रविवार

गेलो नाही. अंजना आणि प्रेमिला गेल्या. फरशीवर बसल्या नाहीत, पलीकडे जाऊन बसल्या. अंजनाने स्वतः येऊन सांगितलं.

२९ एप्रिल, रविवार

बुधवारपासून रोज चारा टाकला. मूठभर. आज एकटाच बसलो. आई दवाखान्यातून आली आहे. वामनने तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं, बाभळीखाली चटई टाकली, पाय विटांवर ठेवला. तोंड आमच्याकडे. माझ्याकडे म्हणायला हवं.

अकराच्या सुमाराला गळाच्या दोरीवरची मोरपिसाची तरती काडी एकदम खाली गेली. दोरी हातातून पळाली, बोट कापलं. वीस मिनिटं लागली. चार किलोच्या वर होता, रोहू, पाठ काळी, पोट तांबूस. सोळा महिने ज्याची वाट पाहिली तो. कोणी ओरडलं नाही. इकडे ओरडायला कोणी नव्हतं आणि तिकडे कोणी मान वर केली नाही. बापूजी तेवढा दुरून म्हणाला, "भेटला का बाप्पा एकदाचा."

रिवाजाप्रमाणे आईने इथे येऊन बसायला हवं. तिला चालता येत नाही. का येत नाही ते या वहीत तारखेसह आहे.

मुंडी मीच कापली, मीच रांधली. हळद, मीठ, लाल तिखट, जवसाची पूड. तिला आवडते तशी, रस्सा पातळ. डब्यात घातली आणि प्रेमिलाला हाक मारली. ती आली, डबा घेतला, माझ्याकडे न पाहता गेली. मी पाहत होतो. वामनने डबा पाहिला, उठला आणि पाण्याकडे तोंड करून लांब जाऊन उभा राहिला. आईने डबा मांडीवर घेतला. खाल्लं की नाही ते एवढ्या दुरून दिसलं नाही. पदर मध्ये होता.

तास-दीड तासाने प्रेमिला डबा घेऊन परत आली. धुतलेला, पण जड होता. आमच्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

"काय आहे?"

"चारा. आजीनं दिला." प्रेमिला फरशीच्या कडेला उभी राहिली, बसली नाही. "आजी म्हनते, आता माह्यानं एवढं चालनं होत नाही, तर तुह्या बापाले म्हनाव, तूच टाकत जाय. म्हनते, तुह्या आज्याले बी कधी फुरसत नव्हती. आजीच टाके फरशीवर, आज्याच्या येळेपासून. आज्या गेल्यावर काकासाठी टाके, मंग तुमच्यासाठी."

"वामनले मालूम होतं?"

"कोनालेच नव्हतं. सांगाचं काय त्यात, म्हनते." ती म्हणाली, "अन् म्हनते, थोडाच टाकजो. तिचं चुकलं. तुम्ही बी टाकता हे तिले मालूम नव्हतं."

"अजून काय म्हनते?"

"काही नाही."

ती परत पलीकडे गेली.

डब्याचं झाकण सैल झालं आहे, म्हणून ते बांधलेलं होतं. ऑफिसच्या सुतळीने. दोन वेढे, एक फास, वर उलटी गाठ. सुतळी पाण्यात राहून काळी पडली होती. एका टोकाला चाकूने कापल्याची खूण होती.

सहावी.

मी वर पाहिलं. वामन अजून पाठ करूनच उभा होता. आई माझ्याकडेच पाहत होती, पदर डोळ्यांवरून मागे घेतलेला.

चाकू माझ्याजवळ होता, मुंडी कापलेला. तो घेतला नाही. फरशीवर बसून गाठ नखांनी सोडवायला लागलो. ती सोडवायची गाठ नाही, ओली असताना तर नाहीच. ऊन डोक्यावरून कलून पाठीवर आलं. बायका तवे आवरायला लागल्या, पोरांना हाका मारायला लागल्या. एक नख मुळातून गेलं. पण सुटली.

आत मोहफुलांचे नऊ गोळे होते. एक फोडून डोहात टाकला. डाव्या बाजूने उतरून टाकला.